तपकिरी ठिपका काय सांगतो?



रोग्याच्या हातात आपण जो कागद देतो, त्यावरची प्रत्येक ओळ त्याला समजावून सांगता आली पाहिजे, असा ज्या डॉक्टरांचा आयुष्यभर आग्रह होता, त्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते. म्हणून मी आज एकाच ओळीवर बोलणार आहे. स्तनाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या स्त्रीच्या रिपोर्टवर इस्ट्रोजेन रिसेप्टर, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर, हर-टू यांच्या खाली ती ओळ बहुधा असते : ‘केआय-६७ : २२ टक्के’. आकडा कुणाचा ८ असतो, कुणाचा ६०. घरातले कुणीतरी मोबाइलवर शोधते आणि उत्तर मिळते की गाठ किती वेगाने वाढते आहे ते हा आकडा दाखवतो. बाई त्या रात्री झोपत नाहीत.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. हा आकडा मी लिहिते. तो कुठून येतो, त्याच्यावर कुठवर विसंबावे आणि कुठे थांबावे, हे तुम्हांला सांगणे मला माझ्या कामाचाच भाग वाटते. कारण हा आकडा गाठीतून आपोआप बाहेर पडत नाही. उंदराच्या पेशींनी तयार केलेली एक अँटिबॉडी, तिने काचेवर उमटवलेले तपकिरी ठिपके आणि ते मोजणारा माणूस, अशी ती साखळी आहे. यातली अँटिबॉडी ही सर्वांत कमी ओळखीची कडी. तिच्यापासूनच सुरुवात करते.

माणसाचे एखादे प्रथिन उंदराला टोचले की उंदराचे शरीर ते परके म्हणून ओळखते आणि त्याला चिकटणाऱ्या अँटिबॉडी, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली प्रतिपिंडे, तयार करू लागते. हे काम बी-पेशी करतात. प्रत्येक बी-पेशीची अँटिबॉडी वेगळी असते आणि प्रथिनाच्या वेगवेगळ्या भागाला धरते. उंदराचे रक्त काढून द्रव वेगळा केला तर त्यात या सगळ्यांची सरमिसळ मिळते. पुढच्या उंदरात मिश्रण बदलते. अशा द्रवावर प्रयोग करता येतात, पण आज पुण्यात जे दिसले तेच वर्षभराने बर्लिनमध्ये दिसेल याची हमी देता येत नाही.

ही अडचण १९७५ साली केंब्रिजमध्ये सुटली. अर्जेंटिनात जन्मलेले सेझार मिलस्टाइन आणि त्यांच्याकडे आलेला तरुण जर्मन संशोधक गेओर्ग क्योलर यांनी उंदराच्या प्लीहेतल्या बी-पेशी आणि उंदराच्याच मायलोमा या कर्करोगाच्या पेशी एकमेकींत मिसळवल्या. एकटी बी-पेशी बशीत थोड्याच दिवसांत मरते. मायलोमाची पेशी अमर असते, पण तिची अँटिबॉडी आपल्या कामाची नसते. दोघींच्या संयोगातून झालेली पेशी अमरही असते आणि हवी ती अँटिबॉडीही देत राहते. अशी एकच पेशी निवडून वाढवली की तिच्या सगळ्या वंशजांची अँटिबॉडी अगदी एकसारखी असते. या पद्धतीचे पेटंट घेतले गेले नाही, त्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळांना ती तत्काळ वापरता आली. १९८४ मध्ये दोघांना नील्स येर्ने यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

इथे आपल्या मातीतल्या एका नावाचा उल्लेख मला करायलाच हवा. या सगळ्या कामाचा पाया म्हणजे पेशी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात जिवंत ठेवण्याची विद्या. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी ती भारतात रुजवली. डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली मुंबईत काम करून, पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या शिकल्या. हेला पेशींचे संवर्धन ज्यांनी १९५१ मध्ये केले तेच हे गाय. परत येऊन रणदिव्यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. पुण्याच्या विद्यापीठाच्या आवारातले राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आज देशभर पेशी पुरवते. त्या पेशी वापरणाऱ्या विद्यार्थ्यांना रणदिव्यांचे नाव ठाऊक नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता जर्मनीच्या उत्तर टोकाला, बाल्टिक समुद्राकाठच्या कील शहरात जाऊ. तिथल्या विद्यापीठाच्या पॅथॉलॉजी विभागात १९८० च्या सुमारास हॉजकिन लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा अभ्यास चालला होता. या रोगात ग्रंथीत मोठ्या, कधी दोन केंद्रकांच्या पेशी दिसतात, पण त्या अगदी थोड्या असतात आणि त्यांच्याभोवती निरोगी पेशींची गर्दी असते. तेवढ्या पेशी नेमक्या रंगवणारी अँटिबॉडी मिळाली तर निदान सोपे होईल, असा विचार होता. एका हॉजकिन रोग्याच्या पेशींपासून बनवलेली, एल-४२८ नावाची पेशीमालिका हाताशी होती. ती उंदरांना टोचून मिळालेल्या अँटिबॉडींना कील शहराच्या नावातली पहिली दोन अक्षरे आणि क्रमांक दिले गेले. केआय-१ ही अँटिबॉडी अपेक्षेप्रमाणे निघाली. १९८२ साली ती प्रसिद्ध झाली आणि ती ज्या प्रथिनाला धरते ते पुढे सीडी-३० म्हणून ओळखले गेले. त्याच सीडी-३० वर नेम धरणारी औषधे आज हॉजकिनच्या रोग्यांना दिली जातात.

पुढे त्याच पेशींची केंद्रके टोचून, योहानेस गेर्डेस, हाराल्ड श्टाइन आणि सहकाऱ्यांनी ९६ खाचांच्या तबकडीतल्या ६७ क्रमांकाच्या खाचेतली अँटिबॉडी तपासली. हॉजकिन पेशी ओळखण्याच्या दृष्टीने ती निरुपयोगी होती, कारण ती फक्त त्याच पेशींना धरत नव्हती. टॉन्सिलमधल्या लसिकापेशींच्या वाढत्या केंद्रांना तिने रंगवले. जठर आणि आतड्यांच्या अस्तरात जिथे नव्या पेशी जन्मतात तिथे रंगवले, वृषणातल्या आरंभीच्या पेशींना रंगवले. यकृताच्या, मूत्रपिंडाच्या, मेंदूच्या पेशी मात्र कोऱ्या राहिल्या.

या गटाने ती फेकून दिली नाही, आणि केवढे मोठे पाऊल त्यांनी पुढे टाकले पाहा. जिथे जिथे ठिपका येतो तिथे पेशी विभाजनाच्या वाटेवर आहेत आणि जिथे येत नाही तिथे विश्रांतीत आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले. मग त्यांनी त्याची परीक्षा घेतली. रक्तातल्या शांत लसिकापेशींना ठिपका नव्हता. त्याच पेशींना एका वनस्पतिजन्य प्रथिनाने डिवचून विभाजनाला लावले, ठिपका उमटला. उलट, एचएल-६० नावाच्या सतत वाढणाऱ्या ल्युकेमिया पेशींना प्रौढ पेशी व्हायला लावले तसा ठिपका नाहीसा झाला. हे १९८३ मध्ये छापून आले. १९८४ मध्ये त्यांनी दाखवले की विभाजनाच्या तयारीपासून प्रत्यक्ष विभाजनापर्यंत, जी-१, एस, जी-२ आणि एम या चारही टप्प्यांत हे प्रथिन असते, विश्रांतीच्या जी-शून्य अवस्थेत ते नसते.

ठिपका कुठे येतो हे दाखवणे हा कामाचा निम्मा भाग असतो. तो जिथे यायला नको तिथे येत नाही आणि परिस्थिती बदलली की तोही बदलतो, हे दाखवणे हा उरलेला निम्मा भाग. गेर्डेस आणि सहकाऱ्यांनी दोन्ही भाग केले, आणि तेही आपण नेमके कोणत्या प्रथिनाला धरले आहे हे कळण्याच्या आधी. प्रथिनाचे नाव, आकार, जनुक, काहीच हाती नव्हते. हाती होती फक्त अँटिबॉडी आणि तिचे काटेकोरपणे तपासलेले वागणे.

एक व्यावहारिक अडथळा होता. मूळ केआय-६७ अँटिबॉडी फक्त गोठवलेल्या ताज्या मांसाच्या कापांवर चालत असे. आम्ही पॅथॉलॉजिस्ट मात्र गाठ फॉर्मलिनमध्ये घालतो आणि मेणाच्या ठोकळ्यात बसवून तिचे ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप काढतो. फॉर्मलिन प्रथिनांना एकमेकांशी जखडून टाकते आणि अँटिबॉडीला हवा असलेला भाग झाकला जातो. जगातल्या रुग्णालयांच्या कपाटांतले सारे ठोकळे त्यामुळे या अँटिबॉडीला बंद होते. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने दाखवले की काप योग्य द्रावणात मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये तापवले की झाकलेले भाग मोकळे होतात. पाठोपाठ १९९२ मध्ये, अँटिबॉडीवरूनच केआय-६७ हे नाव मिळालेल्या प्रथिनाचा जीवाणूंत बनवलेला तुकडा उंदरांना टोचून मिळालेली एमआयबी-१ ही नवी अँटिबॉडी आली. ती तापवलेल्या मेणाच्या कापांवर उत्तम चालते. आमच्याकडच्या अनेक प्रयोगशाळांत हे तापवणे आजही प्रेशर कुकरमध्ये होते, आणि त्यात कमीपणा काही नाही, कारण तापमान आणि वेळ नीट पाळली तर कुकर चोख काम करतो.

त्यानंतर कापावर अँटिबॉडी सोडतात. तिच्यावर, हॉर्सरॅडिश नावाच्या वनस्पतीच्या मुळांतून मिळणारे पेरॉक्सिडेज हे विकर जोडलेली दुसरी अँटिबॉडी बसवतात. मग डीएबी नावाचे रसायन घातले की विकर त्याचा तपकिरी गाळ बनवते. बाकीची केंद्रके हिमॅटॉक्सिलिनने निळी करतात. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या केंद्रकांत तपकिरी केंद्रके दिसतात. शंभर कर्कपेशींत तपकिरी किती, तोच आपला टक्का.

मोबाइलवरचे उत्तर इथे दुरुस्त करून घ्या. हा टक्का वेग सांगत नाही. विश्रांतीत नसलेल्या पेशी किती, एवढेच तो सांगतो. एखादी पेशी विभाजनाच्या वाटेवर निघून मध्येच अडकली असेल तरी ती तपकिरी दिसते. एक फेरी पूर्ण करायला पेशीला एक दिवस लागतो की चार, हेही काचेवरून कळत नाही. शिवाय अलीकडे, २०१८ च्या सुमारास, जिवंत पेशींचा पाठलाग करून असे दिसले की विभाजन थांबवल्यावर पेशीतले केआय-६७ झटकन शून्य होत नाही, ते हळूहळू ओसरत जाते. म्हणजे फिकट तपकिरी केंद्रक काही वेळा नुकतीच विसावलेली पेशी असू शकते.

मग हे प्रथिन पेशीत करते तरी काय? १९९३ मध्ये त्याचा पूर्ण क्रम कळला. ते अवाढव्य आहे. मोठ्या प्रकारात ३,२५६ अमिनो आम्ले, जनुक दहाव्या गुणसूत्रावर, आणि मधल्या भागात एकाच धर्तीचा तुकडा सोळा वेळा आलेला. मूळ अँटिबॉडी याच पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यातल्या छोट्या भागाला धरते, म्हणूनच तिचा ठिपका इतका ठसठशीत उमटतो. प्रथिन बनू नये अशी रसायने पेशींत सोडल्यावर विभाजन मंदावते असे त्याच सुमारास दिसले, आणि वीस वर्षे सगळ्यांनी धरून चालले की केआय-६७ शिवाय पेशी विभागूच शकत नाही.

२०१६ साली ही समजूत ढासळली. फ्रान्समधल्या मोंपेलिए इथल्या गटाने जनुकसंपादनाने केआय-६७ बिघडवलेले उंदीर तयार केले. ते व्यवस्थित वाढले, त्यांना पिल्लेही झाली. त्याच वर्षी व्हिएन्नातल्या डॅनिएल गेर्लिश यांच्या प्रयोगशाळेने या प्रथिनाचे खरे काम दाखवले. विभाजनाच्या वेळी हे लांबलचक प्रथिन एका टोकाने गुणसूत्राला धरून बसते आणि दुसरे टोक बाहेर काढून उभे राहते. अशा असंख्य रेणूंचा थर प्रत्येक गुणसूत्रावर चढतो, त्यामुळे गुणसूत्रे एकमेकांना चिकटत नाहीत. साबणाचा रेणू तेलाचे थेंब जसे वेगवेगळे राखतो तसे हे काम आहे. केआय-६७ काढून टाकले की गुणसूत्रांचा एकच गोळा होतो, तरी त्या उंदरांवरून दिसले तसे विभाजन अडत नाही. विभाजन संपत आले की हेच प्रथिन उलटे वागते, गुणसूत्रांना एकत्र आणते, म्हणजे नवे केंद्रक बांधताना मधला द्रव बाहेर ढकलला जातो. हे त्याच गटातून पुढे आलेल्या संशोधनाने २०२० मध्ये दाखवले.

१९८३ ते २०१६, तेहेतीस वर्षे. एवढ्या काळात लाखो रोग्यांच्या रिपोर्टवर हे नाव छापले गेले आणि ते प्रथिन पेशीत काय करते याचे उत्तर आपल्यापाशी नव्हते. हे ऐकून काहींना धक्का बसेल. मला मात्र यात विज्ञानाची एक प्रामाणिक रीत दिसते. एखादी खूण भरवशाची आहे हे कळायला तिचे कारण कळावेच लागते असे नाही. तिची पुरेशी परीक्षा मात्र घ्यावीच लागते. जिथे परीक्षा न घेता केवळ नावावर भरवसा टाकला जातो तिथे मोठी हानी होते, आणि संशोधनाच्या जगात तसे पुष्कळ झाले आहे.

आज एखाद्या विद्यार्थ्याला पेशीविभाजनाच्या प्रथिनावर काम करायचे असेल तर तो कॅटलॉग उघडतो. केआय-६७ साठी, सायक्लिनसाठी, ऑरोरा किनेजसाठी, कशासाठीही डझनावारी अँटिबॉडी विकत मिळतात. नळीवर प्रथिनाचे नाव असते आणि ‘केवळ संशोधनासाठी’ अशी सूचना असते. पण नळीवरचे नाव हा विकणाऱ्याचा दावा असतो. आतली अँटिबॉडी दुसऱ्याच एखाद्या प्रथिनाला धरत असेल, तर ती ते आपल्या तोंडाने सांगत नाही. ठिपका तर सुंदरच येतो.

२०१५ मध्ये अँड्र्यू ब्रॅडबरी आणि अँड्रियास प्लुकथुन यांनी शंभराहून अधिक सह्यांनिशी ‘नेचर’ नियतकालिकात आवाहन केले की अँटिबॉडी तिच्या जनुकक्रमाने ओळखली जावी आणि त्या क्रमावरून बनवली जावी, म्हणजे जगात कुठेही तीच अँटिबॉडी मिळेल. पुढे कॅनडात माँट्रियलमध्ये काही संशोधकांनी खूप मोलाचे काम केले. जे प्रथिन तपासायचे त्याचे जनुकच पेशीतून काढून टाकायचे आणि मग त्या पेशींवर अँटिबॉडी सोडायची. आता ठिपका येता कामा नये. आला, तर ती दुसऱ्याच कशाला तरी धरते आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत ६५ प्रथिनांसाठीच्या ६१४ विकाऊ अँटिबॉडी अशा तपासल्या होत्या. बहुतेक प्रथिनांसाठी निदान एखादी चांगली अँटिबॉडी सापडली, पण नापास झालेल्या अँटिबॉडी वापरून लिहिलेले सरासरी बारा शोधनिबंध प्रत्येक प्रथिनामागे निघाले. विशेष म्हणजे उत्पादक कंपन्यांनीही या कामाला साथ दिली. नापास अँटिबॉडींपैकी सुमारे वीस टक्के त्यांनी बाजारातून काढल्या आणि चाळीस टक्क्यांच्या वापराच्या सूचना बदलल्या.

इथे पुढच्या रांगांत एम.एस्सी.ची मुले-मुली बसली आहेत. त्यांना मला कळकळीने सांगायचे आहे, की जनुक काढलेली पेशी हा प्रयोगाचा शेवटी उरकायचा भाग नाही. पहिल्या दिवशी तीच काच लावा. तुमच्या मार्गदर्शकांनी घाई केली तरी लावा.

चांगली, खात्रीची अँटिबॉडीसुद्धा कधी कशी वागते, याचे मला फार आवडणारे उदाहरण थायरॉइडचे आहे. हायलिनायझिंग ट्रॅबेक्युलर ट्यूमर नावाची थायरॉइडची एक बहुधा निरुपद्रवी गाठ असते. ती पॅपिलरी कर्करोगासारखी दिसते आणि फसवते. तिच्यावर एमआयबी-१ सोडली की तपकिरी रंग केंद्रकात न येता पेशीच्या कडेने, आवरणावर येतो. केआय-६७ तिथे असण्याचे काहीच कारण नाही. केआय-६७ साठीच्या इतर अँटिबॉडींनी हे घडत नाही, आणि एमआयबी-१ नेसुद्धा रंगवण्याचे तापमान वाढवले की ते दिसेनासे होते. म्हणजे ही अँटिबॉडी तिथे आपल्या प्रथिनाखेरीज भलत्याच कशाला तरी धरते आहे. पण ते इतके नेमाने घडते की पॅथॉलॉजिस्ट त्याचाच उपयोग निदानासाठी करतात, आणि एखाद्या माणसाची नको असलेली मोठी शस्त्रक्रिया टळते. ‘केआय-६७’ एवढे लिहून भागत नाही, कोणती अँटिबॉडी आणि कशी वापरली तेही लिहावे लागते, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

आता मोजणाऱ्या माणसाकडे वळू, म्हणजे माझ्याकडे आणि माझ्या सहव्यवसायी मंडळींकडे. २०१३ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने स्तनाच्या शंभर कर्करोगांचे नमुने आठ नामांकित प्रयोगशाळांना दिले. एकाच ठिकाणी रंगवलेल्या काचा मोजायला दिल्या, तेव्हा कुठल्या प्रयोगशाळेची सरासरी ७ टक्क्यांच्या आसपास आली, तर कुठली जवळजवळ २४ टक्के. प्रत्येकीने आपल्या पद्धतीने रंगवून मोजले तेव्हा ही तफावत ६ पासून ३० टक्क्यांपर्यंत गेली. नमुने तेच. फरक पडला तो गाठीचा सर्वांत गर्द भाग मोजायचा की सगळ्या गाठीची सरासरी घ्यायची, फिकट तपकिरी धरायचे की सोडायचे, अशा ठरवण्यात. सर्वांना एकच रीत शिकवून पुन्हा मोजायला लावले तेव्हा एकवाक्यता पुष्कळ वाढली, ही दिलाशाची गोष्ट.

आपल्याकडे अडचण बहुधा मोजण्याच्या आधीच सुरू होते. तालुक्याच्या गावी गाठ काढली जाते आणि छोट्या बरणीत, नमुना जेमतेम बुडेल इतक्या फॉर्मलिनमध्ये, बसने शहरात येते. फॉर्मलिन नमुन्याच्या निदान दहापट हवे, गाठ तासाभरात त्यात पडायला हवी, मोठी असेल तर तिला काप द्यायला हवेत, आणि ६ ते ७२ तासांत पुढची प्रक्रिया व्हायला हवी. हार्मोन रिसेप्टरांच्या तपासणीसाठी हे नियम ठरलेले आहेत आणि केआय-६७ साठीही तेच पाळावेत असे तज्ज्ञ सांगतात. गाठीचा मधला भाग फॉर्मलिन पोहोचण्याआधीच खराब झाला असेल तर तिथे ठिपका उमटत नाही. मग टक्का खाली येतो, आणि कमी टक्का पाहून घरचे सुटकेचा श्वास सोडतात. अशा नमुन्यावर आकडा लिहिण्याऐवजी ‘नमुना तपासणीयोग्य नाही’ असे लिहायचे धैर्य प्रयोगशाळेने दाखवले पाहिजे. दोष रंगवण्यात नाही ना, हे पाहण्यासाठी प्रत्येक काचेसोबत टॉन्सिलचा एक काप लावतात. टॉन्सिलमधली वाढती केंद्रे गर्द तपकिरी झाली आणि बाकी भाग कोरा राहिला, तर निदान रंगवणे तरी नीट झाले असे समजते.

काही आजारांत या आकड्यावर निर्णय पक्का टेकतो. आतडे आणि स्वादुपिंडातल्या न्यूरोएंडोक्राइन गाठींची प्रत यावर ठरते : ३ टक्क्यांखाली पहिली, ३ ते २० दुसरी, त्यापुढे तिसरी. बर्किट लिम्फोमात जवळजवळ प्रत्येक पेशी तपकिरी असते आणि ते निदानाला हातभार लावते. स्तनाच्या कर्करोगात मात्र सीमारेषा सरकत राहिली. २०११ मध्ये तज्ज्ञांच्या सेंट गॅलन परिषदेने १४ टक्के ही रेषा मानली, २०१३ मध्ये २० च्या बाजूने कौल गेला. २०२१ मध्ये केआय-६७ वर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने सांगितले की हार्मोन रिसेप्टर असलेल्या सुरुवातीच्या कर्करोगात ५ किंवा कमी आणि ३० किंवा जास्त हे आकडे निर्णयाला उपयोगी पडतात, मधल्या पट्ट्यातल्या आकड्यावर केमोथेरपीचा निर्णय टेकवू नये. त्याच वर्षी अमेरिकेत अबेमासिक्लिब हे औषध सुरुवातीच्या, जास्त धोक्याच्या कर्करोगात द्यायचे तर केआय-६७ निदान २० टक्के हवे अशी अट घातली गेली, आणि २०२३ मध्ये ती काढून टाकली गेली. रिपोर्टवर २२ वाचून झोप उडालेल्या बाईंना मी हेच सांगते : तुमचा आकडा मधल्या पट्ट्यातला आहे, तो एकटा काही ठरवत नाही.

मग हा तपकिरी ठिपका स्तनाच्या कर्करोगात सर्वांत चांगला कुठे वापरावा? माझ्या मते, एकाच स्त्रीच्या गाठीची तुलना तिच्याच गाठीशी करायला. ब्रिटनमध्ये पोएटिक नावाच्या चाचणीत रजोनिवृत्तीनंतरच्या ४,४८० स्त्रिया होत्या. त्यांतल्या बहुतेकींना शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे इस्ट्रोजेनचे उत्पादन थांबवणारी गोळी दिली गेली आणि आधीचे व नंतरचे केआय-६७ मोजले गेले. २०२० मध्ये निष्कर्ष आले. हर-टू नसलेल्या कर्करोगात आधीही कमी आणि नंतरही कमी असलेल्या स्त्रियांत पाच वर्षांत रोग परतण्याचे प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास होते. आधी जास्त पण दोन आठवड्यांत खाली आलेल्यांत ८ टक्क्यांच्या थोडे वर. गोळी घेऊनही ज्यांचा आकडा जास्तच राहिला त्यांच्यात २१ टक्क्यांच्या वर. ज्या बाईच्या गाठीतल्या पेशी गोळ्यांनी विसावत नाहीत, तिला अधिक उपचारांची गरज आहे, हे इतक्या लवकर सांगणारी दुसरी इतकी स्वस्त तपासणी आपल्यापाशी नाही.

आपल्या जिल्हा रुग्णालयांत हे करणे अशक्य नाही. गोळी स्वस्त आहे, आणि शस्त्रक्रियेसाठी दोन आठवडे थांबावे लागणे तर आपल्याकडे नित्याचेच आहे. पण त्यासाठी दोन्ही नमुने सारख्याच पद्धतीने फॉर्मलिनमध्ये गेलेले, एकाच प्रयोगशाळेत, एकाच अँटिबॉडीने, एकाच दिवशी रंगवलेले आणि एकाच माणसाने मोजलेले हवेत. म्हणून माझी मागणी आज इथून रिपोर्ट लिहिणाऱ्या प्रत्येकाकडे आहे. टक्क्याच्या खाली अँटिबॉडीचे नाव लिहा, एमआयबी-१ की एसपी-६ की आणखी कोणती. गाठ फॉर्मलिनमध्ये किती तास होती ते लिहा. किती पेशी मोजल्या आणि गाठीच्या कोणत्या भागातल्या, ते लिहा. टॉन्सिलचा काप बरोबर उमटला की नाही, तेही लिहा. एवढे लिहायला दोन मिनिटे लागतात, आणि दुसऱ्या गावच्या डॉक्टरांना तो आकडा मग वापरता येतो.